दोघांची बोट, हिवाळ्याची शर्यत: सॅन फ्रान्सिस्को बेमधल्या नवख्यांसाठी

बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाची शिडाच्या बोटीशी ओळख बहुतेक वेळा अशी होते. ऑफिसातलं कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळच्या 'बिअर कॅन' नावाच्या हलक्याफुलक्या शर्यतीला घेऊन जातं. सहा-सात जणांत आपण वजन म्हणून बोटीच्या काठावर बसतो, दोन तास गार पाणी अंगावर घेतो आणि सोमवारी सगळ्यांना सांगतो की आपण रेसिंग करतो. असे एक-दोन उन्हाळे गेले की सुकाणू आपल्या हातात असावं असं वाटायला लागतं. पण सहा-सात जणांचा क्रू जमवायचा कुठून? शनिवारी कोणाच्या मुलाचं सॉकर असतं, कोणाची मराठी शाळा, कोणाचे आई-बाबा भारतातून आलेले असतात.

यावरचा उपाय म्हणजे दोघांनीच बोट चालवायची. याला इथे डबलहँडेड म्हणतात, एकट्याने चालवली तर सिंगलहँडेड, आणि दोन्हींना मिळून शॉर्टहँडेड. हे काही अचाट दर्यावर्दींचंच काम नाही. भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून 'तारिणी' ही शिडाची बोट घेऊन निघाल्या आणि मे २०२५च्या अखेरीस पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यातच परतल्या. आपल्याला फक्त बेच्या उत्तरेकडच्या रेड रॉक बेटाला वळसा घालून जेवायच्या वेळेपर्यंत घरी यायचंय.

हिवाळाच का

उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचे खारे वारे गोल्डन गेटच्या फटीतून आत घुसतात. दुपारी वीस-पंचवीस नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा ही रोजचीच गोष्ट. त्या वाऱ्यात दोघांनी स्पिनेकर, म्हणजे पुढचं मोठं फुगणारं शीड, सांभाळणं नवख्यांचं काम नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हे यंत्र बंद पडतं. उत्तरेचा चार-सहा नॉट वारा येतो, जातो, कधी दुपारपर्यंत येतच नाही. मधूनच पॅसिफिकवरून वादळ आलं की आधी दक्षिणेचा जोरदार वारा सुटतो, पण त्याची वर्दी दोन-तीन दिवस आधी मिळते. एरवी शिडं हलकी, दोऱ्यांवर ताण कमी, विंच (दोऱ्या ओढायचं चक्र) फिरवायला ताकद लागत नाही. शिकायला याहून बरा मोसम नाही.

मुंबईत शिडाच्या बोटींचा मोसम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चालतो. इथे वर्षभर चालतो, पण हिवाळ्यात क्लब महिन्यातून एखाद्या शनिवारी-रविवारी शर्यत ठेवतात आणि त्या तीन-चार-पाच शर्यतींची मिळून मालिका होते. तिला मिडविंटर्स म्हणतात. टिब्युरॉनच्या कोरिंथियन यॉट क्लबची आहे, बर्कलीची आहे, गोल्डन गेट यॉट क्लबच्या मालिकेच्या नावातच 'सीवीड सूप' आहे. फक्त शॉर्टहँडेड लोकांसाठी सिंगलहँडेड सेलिंग सोसायटी आहे. तिला स्वतःची इमारत नाही, पण १९७८पासून सॅन फ्रान्सिस्को ते हवाईतल्या हनालेपर्यंत एकट्याने जायची शर्यत तीच भरवते. तिचीच जानेवारीच्या शेवटी होणारी 'थ्री ब्रिज फियास्को' ही नवख्यांनी डोळ्यांसमोर ठेवावी अशी शर्यत आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी जोडीदार, मग बोट

लोक उलट करतात. आधी बोट घेतात आणि मग कोणाला तरी गळ घालतात. जोडीदार शोधताना तो किती वर्षं सेलिंग करतो हे दुय्यम आहे. न चिडता दोनदा तीच सूचना ऐकू शकतो का, गार वाऱ्यात सहा तास बसून कुरकुर न करता डबा खाऊ शकतो का, हे आधी बघा. नवरा-बायकोच्या जोड्या इथे भरपूर आहेत आणि त्यातल्या काही फार तेज आहेत. पण स्टार्ट लाइनवर एकमेकांवर ओरडणाऱ्या जोड्याही मी पुष्कळ ऐकल्या आहेत; पाण्यावर आवाज लांब जातो. मोसम सुरू व्हायच्या आधी ठरवून टाका: शेवटचा निर्णय कोणाचा. सुकाणू आलटून-पालटून धरा, पण अधिकार एका शर्यतीत एकाकडेच ठेवा.

बोट वीस ते तीस फुटांमधली पुरे. सांता क्रूझमध्ये बांधलेल्या मूर २४ आणि एक्सप्रेस २७ या इथल्या लाडक्या बोटी. हलक्या आणि चपळ आहेत, दोघांना अगदी मापाच्या. त्याहून साधी, स्वस्त आणि क्षमाशील हवी असेल तर कॅल २०. विकत घ्यायची घाई करू नका. हिवाळ्यात कितीतरी बोटी धक्क्याला बांधून पडलेल्या असतात, आणि ज्याच्या बोटीवर तुम्ही दोन उन्हाळे काढलेत तो मालक तळ घासून द्यायच्या बोलीवर आनंदाने बोट देतो. बोट घेताना शिडांकडे सगळेच बघतात. तुम्ही दोऱ्यांकडे बघा. मेनसेल म्हणजे मुख्य शीड वर चढवायची, खाली घ्यायची आणि लहान करायची दोरी कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेतून, हाताला लागते का? प्रत्येक कामासाठी कोणाला तरी डोलकाठीपाशी जावं लागत असेल, तर दोघांचं काम दीडपट होतं.

सामान

यादी तुम्हाला शर्यतीच्या नियमपत्रकात मिळेलच. माझ्या मते खरोखर महत्त्वाच्या गोष्टी चार.

लाइफ जॅकेट आणि त्याला हार्नेस. जानेवारीत बेचं पाणी अकरा-बारा अंशांचं असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात आणायचा असतो, त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं, आणि शुद्ध टिकते ती तासभर. इथले लोक हे १-१०-१ असं लक्षात ठेवतात. दहा मिनिटं फार थोडी आहेत, म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी शिडी बोटीच्या मागे हवीच.

ऑटोपायलट. टिलरला, म्हणजे सुकाणूच्या दांड्याला, जोडायचा साधा दांडा असतो तो चालेल. दोघंही एकाच वेळी शीड बदलत असतात तेव्हा बोट सरळ ठेवणारा हा तिसरा माणूस. शर्यतीच्या मूळ नियमांप्रमाणे बोट हाताच्या ताकदीवरच चालवायची असते. शॉर्टहँडेड वर्गाला ऑटोपायलटची सूट दिलेली असते, पण ती त्या शर्यतीच्या नोटिशीत लिहिली आहे का हे वाचून घ्या.

व्हीएचएफ रेडिओ, शक्यतो एक बोटीवरचा आणि एक खिशातला.

आणि नांगर. खराखुरा, साखळी आणि लांब दोरासकट, पटकन काढता येईल असा ठेवलेला. लोक वजन खाली राहावं म्हणून तो बोटीच्या पोटात सगळ्यात खाली टाकतात. तो वर का हवा ते पुढे येतंच.

कपड्यांबद्दल एवढंच सांगतो: जीन्स नको. आतून लोकर, बाहेरून पाणी न शिरणारं, आणि एक जास्तीची टोपी.

सराव: कामांचा क्रम पाठ करा

सहा जणांच्या बोटीवर सगळी कामं एकदम होतात. दोघांच्या बोटीवर ती एकामागून एक होतात, म्हणून क्रम महत्त्वाचा. टॅक घ्यायचा (म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवायचं) तर सुकाणूवरचा माणूस जुन्या बाजूची जिब शीट, म्हणजे पुढच्या शिडाची दोरी, स्वतः सोडतो, दुसरा नवीन बाजूची ओढतो, आणि बोट मुद्दाम सावकाश वळवायची. जिब जवळजवळ हातानेच आत आली पाहिजे. विंचचा दांडा फिरवावा लागला तर तुम्ही फार वेगाने वळलात असं समजा. हे दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा करा की बोलावं लागू नये.

स्पिनेकर पहिल्या मोसमात नसला तरी काही बिघडत नाही. बऱ्याच मालिकांत स्पिनेकर न वापरणाऱ्यांचा वेगळा वर्ग असतो, त्यात नाव घाला. वापरणारच असाल तर चढवण्याआधी उतरवण्याचा सराव करा. उतरवताना बोट वाऱ्याच्या दिशेनेच जात ठेवायची, म्हणजे स्पिनेकर मेनसेलच्या आडोशाला जाऊन मऊ पडतो. मग ऑटोपायलट लावा, एकाने हॅलिअर्ड (शीड वर चढवायचा दोर) हाताने सरकवत सोडायचा आणि दुसऱ्याने कापड सरळ केबिनमध्ये कोंबायचं. घडी घरी घालता येते.

एक सराव मात्र कोणी करत नाही, आणि तोच आधी करायचा. दोघांतला एक पाण्यात पडला तर बोटीवर एकच उरतो. फेंडरला (बोटीच्या कडेला लावतात त्या हवेच्या फुग्याला) पाण्याने भरलेली बादली बांधा, पाण्यात टाका आणि जोडीदाराला गप्प बसवून एकट्याने ती परत आणा. आधी तरंगणारं काहीतरी फेकायचं, लगेच बोट वाऱ्यात वळवून थांबवायची, जिब गुंडाळायची, मग जवळ जायचं. जवळ जाणं जमतं. ओल्या कपड्यांतल्या ऐंशी किलोच्या माणसाला वर घेणं जमत नाही. त्यासाठी हॅलिअर्ड आणि विंच वापरायचा, आणि तो कसा जोडायचा हे धक्क्याला बांधलेल्या बोटीवर दोघांनीही करून बघायचं. तुमच्यातला हलका माणूस जड माणसाला वर काढू शकला, की शर्यतीला नाव द्या.

हँडिकॅपचा हिशेब

वेगवेगळ्या बोटी एकत्र पळतात, म्हणून प्रत्येकीला पीएचआरएफ या हँडिकॅप पद्धतीचा आकडा मिळतो. हा आकडा म्हणजे दर मैलामागे मिळणारी सेकंदांची सूट. समजा तुमचा आकडा १६८ आणि शेजारणीचा १२९. फरक ३९ सेकंदांचा. दहा मैलांच्या शर्यतीत ती तुमच्यापुढे साडेसहा मिनिटांहून कमी अंतराने पोचली, तर तुम्ही जिंकलात. नवख्यांचं लक्ष पुढे गेलेल्या बोटींकडे लागतं आणि हिरमोड होतो. घड्याळ बघितलं तर होत नाही.

मालिकेचे गुण साधे आहेत: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. ज्याने शर्यत पूर्ण केली नाही त्याला नाव दिलेल्या बोटींच्या संख्येपेक्षा एक जास्त. म्हणजे वीस बोटींत एकोणिसावा आलात तरी एकोणीसच गुण, सोडून घरी गेलात तर एकवीस. हिवाळ्यात वारा पडला की निम्मे लोक इंजिन सुरू करून परततात. तिथे चिकाटीने बसून राहणाऱ्यांना फुकटचे गुण मिळतात.

पाणी वाचायला शिका

माझं मत विचाराल तर या सगळ्या खेळात नवख्याने जास्तीत जास्त वेळ इथे घालवावा. शिडांची सुरेख आखणी करून तुम्ही पाव नॉट वेग वाढवाल. बेमधलं पाणी तीन नॉटनी धावतं, गोल्डन गेटपाशी त्याहूनही जोरात, आणि हिवाळ्यात तुमची बोटच मुळी तीन नॉटनी चाललेली असते.

कोकणात वाढलेल्यांना उधाण आणि भांग हे शब्द समजावून सांगायला नकोत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. पण मुंबईची सवय इथे दोन ठिकाणी फसवते. पहिलं म्हणजे, मुंबईत दिवसातल्या दोन्ही भरत्या साधारण सारख्या असतात. इथे त्या असमान असतात: एक मोठी, एक लहान, आणि ओहोट्याही तशाच. डिसेंबर-जानेवारीच्या उधाणाला सगळ्यात मोठी भरती सकाळी येते आणि सगळ्यात खोल ओहोटी दुपार कलल्यावर. मधलं सगळं पाणी नेमकं शर्यतीच्या वेळात गोल्डन गेटमधून बाहेर जातं. शर्यतींच्या तारखा आल्या की कालनिर्णय उघडून तिथी बघा. हे मी गमतीने म्हणत नाही. पौर्णिमेचा शनिवार आणि अष्टमीचा शनिवार या दोन वेगळ्या शर्यती असतात.

दुसरं म्हणजे, पाण्याची उंची आणि पाण्याचा प्रवाह एकाच वेळी पालटत नाहीत. भरती पूर्ण झाल्याची वेळ तक्त्यात दहाची असली तरी गोल्डन गेटच्या मध्यावर पाणी त्यानंतरही बराच वेळ आत येत असतं. म्हणून तक्ता उंचीचा नको, प्रवाहाचा हवा; एनओएए ही अमेरिकेची हवामान आणि समुद्राची सरकारी संस्था दोन्ही वेगवेगळे देते.

तक्ता एका ठिकाणचा असतो, बे मात्र मोठा आहे. किनाऱ्यालगत प्रवाह मंद असतो आणि आधी पालटतो. शहराच्या काठाला लागून नवी भरती सुरू झालेली असते तेव्हा मध्यावर ओहोटी अजून वाहत असते. मध्यावरच्या अल्कट्राझ बेटाच्या बाजूला असलेले लोक मागे मागे जातात आणि शहराच्या काठावरच्या क्रिसी फील्डला खेटून असलेली बोट शांतपणे पुढे निघून जाते. पाऊस चांगला झाला असेल तर सॅक्रामेंटो आणि सॅन होआकिन नद्यांचं गोडं पाणी वरच्या थरातून वाहत येतं. ओहोटी जोरदार होते, जास्त वेळ टिकते आणि भरती तक्त्यापेक्षा दुबळी वाटते. पाण्याचा रंग बघा. चहासारखं दिसलं तर तक्त्यावर आंधळा भरवसा ठेवू नका.

आदल्या रात्री दोघांनी बसून एक कागद करा. दर अर्ध्या तासाला कोर्सच्या प्रत्येक खुणेपाशी पाणी कुठे जातंय, एवढंच लिहा. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॉकपिटमध्ये चिकटवा. पाण्यावर गेल्यावर वाटेतल्या प्रत्येक बोयाकडे नजर टाकायची: त्याच्यामागे पाण्याची शेपटी कुठल्या बाजूला आहे? कागद आणि बोया यांचं पटलं नाही तर बोया खरा.

स्टार्ट

पाच मिनिटांवर आपल्या वर्गाचा झेंडा, चार मिनिटांवर तयारीचा, एक मिनिटावर तो उतरतो, शून्याला सुटायचं. रेडिओवर घोषणा झाल्या तरी झेंड्यांकडे बघायची सवय लावा.

दोघांची बोट गर्दीत शिरवू नका. सहा जणांची बोट दोन सेकंदांत दिशा बदलते, तुम्हाला आठ लागतात. लाइनच्या कमी गर्दीच्या टोकाला, मोकळ्या पाण्यात, वेग ठेवून सुटा. आणि वारा मंद असताना ओहोटी लाइनच्या दिशेने ढकलत असेल तर लांब थांबा. लाइन आधी ओलांडली की परत येऊन सुटावं लागतं, आणि प्रवाहाविरुद्ध ते परत येणं अर्धा-अर्धा तास चालतं.

वारा पडल्यावर

आता तो नांगर. शर्यतीत इंजिन चालत नाही, पण नांगर टाकायला नियमांची मुभा आहे. पुढे निघताना तो परत वर घ्यावा लागतो, इतकंच. वारा शून्य, पाणी उलटं, आजूबाजूच्या पन्नास बोटी सावकाश मागे वाहत चालल्या आहेत. अशा वेळी एकाच जागी उभं राहणारी बोट दर मिनिटाला सगळ्यांच्या पुढे जात असते. नांगर गाजावाजा न करता, कॉकपिटमधून, शेजाऱ्याला दिसणार नाही असा सोडतात. यात फसवणूक काही नाही, ही इथली जुनी खोडी आहे. मात्र उथळ पाण्यात असतानाच निर्णय घ्या. गोल्डन गेटखाली खोली शंभर मीटरच्या वर आहे, तिथे तुमचा दोर पुरणार नाही.

जहाजं

बेमधून कंटेनरची जहाजं, तेलाचे टँकर आणि फेरीबोटी सतत जातात. शिडाच्या बोटीला वाट द्यायची हा नियम इथे लागू नाही. अरुंद जलमार्गात त्यांची वाट अडवायची नाही. पाच भोंगे ऐकू आले तर ते तुमच्यासाठी आहेत असं समजून आधी बाजूला व्हा. जहाज दूर दिसतं आणि पाच-सात मिनिटांत अंगावर येतं. मंद वाऱ्यात तुमची बोट तेवढ्या वेळात हलतही नाही. चॅनेल १४वर जहाजवाहतुकीचं नियंत्रण चालतं, ते नुसतं ऐकत राहा. संकटाच्या हाकेचा १६ तर चालू हवाच. बर्कलीच्या बाजूला गेलात तर जुन्या धक्क्याचे पडके खांब पाण्यात दूरवर उभे आहेत, नकाशावर ते आधी शोधून ठेवा.

आणि मग फियास्को

गोल्डन गेट यॉट क्लबसमोरून सुटायचं आणि तीन खुणांना वळसा घालून तिथेच परतायचं: गोल्डन गेट पुलाजवळचा ब्लॅकॉलर बोया, रिचमंड पुलाजवळचा रेड रॉक, आणि बे ब्रिजला लागून असलेलं यर्बा ब्युएना-ट्रेझर आयलंड. सगळं मिळून एकवीस मैलांच्या आसपास. क्रम तुमचा, दिशाही तुमची. लाइनसुद्धा कुठल्याही बाजूने ओलांडा. शिवाय सावकाश बोटी आधी सुटतात: वरच्या उदाहरणातली १६८ची बोट १२९वालीच्या साडेतेरा मिनिटं आधी. म्हणून जो आधी पोचला तो जिंकला. शेकडो बोटी एकाच लाइनवरून दोन विरुद्ध दिशांना सुटतात, त्यामुळे नावाला शोभेल असा गोंधळ उडतो.

क्रम ठरवताना एक विचार पुरतो. रेड रॉक वरच्या अंगाला आहे. तिथे भरतीच्या शेवटच्या पाण्यावर जा आणि ओहोटीवर परत या. ओहोटी ऐन जोरात असताना वारा नसेल तर ब्लॅकॉलरच्या वाट्याला जाऊ नका, वळसा घालता घालता पुलाखालून बाहेर निघून जाल. एंजल आयलंड आणि टिब्युरॉनमधली रॅकून सामुद्रधुनी ओहोटीत फुकटची सवारी देते, पण एंजल आयलंडच्या आडोशाला वारा मरतो, मध्यावर राहा.

जानेवारीअखेर सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, शर्यत त्यानंतरही चालू असते. म्हणून बोटीचे दिवे आदल्या दिवशी लावून बघा आणि कपाळावर बांधायचे टॉर्च दोन घ्या, लाल उजेडाचे. वेळेत पोचणार नाही असं दिसलं तर शर्यत समितीला रेडिओवर किंवा फोनवर कळवा आणि मगच इंजिन सुरू करा. न कळवता गेलात तर अंधारात कोणीतरी तुम्हाला शोधत बसतं.

धक्क्यावर आल्यावर शिडं वाळत घाला, टिलर पायलटची बॅटरी चार्जिंगला लावा, आणि क्लबमध्ये सूप प्यायला जा. तिथे तुमच्याच आकाराच्या बोटीवाल्याला गाठून विचारा: दुपारी एक वाजता तुम्ही कुठे होता आणि पाणी कुठे जात होतं? उत्तर तुमच्या आदल्या रात्रीच्या कागदाच्या मागे लिहून घ्या आणि कागद फेकू नका. पुढच्या महिन्याच्या शर्यतीची नोंदणी बहुधा आदल्या गुरुवारी-शुक्रवारीच बंद होते.